तराजूचा महिना

राशिभविष्यावर माझा विश्वास नाही, म्हणून मी ते फक्त रविवारीच वाचतो. माझी रास तूळ. इतरांच्या वाट्याला सिंह, वृषभ, गेला बाजार विंचू तरी आला. आमच्या वाट्याला किराणा दुकानातला तराजू! त्यातून आमचं वाशिम असं की, जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा इथल्या मध्यमेश्वरावरूनच जायची असं सांगतात. तेव्हा मी बँकेत चिकटलो यात नवल ते काय?

पण हा तराजू एकट्या आमचा नाही. ज्यू पंचांगात आपल्या आश्विनाच्या आसपास तिश्री महिना येतो आणि त्याचंही चिन्ह तराजूच. आपल्या कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत हा महिना पाळत आले. पहिल्या तिथीला नवं वर्ष, दहाव्या तिथीला कडक उपास. देवाच्या दरबारी त्या दिवसांत प्रत्येकाचं खातं तपासलं जातं अशी श्रद्धा. उपासाच्या दिवशी ही मंडळी दारं लावून घरात बसत. ज्याने बँकेतला 31 मार्च पाहिलाय, त्याला दारं का लावायची हे समजावून सांगायला नको.

त्यात एक कलम मात्र आमच्या सर्क्युलरांपेक्षा कडक आहे. देवाचा अपराध उपासाने माफ होतो, शेजाऱ्याचा होत नाही. त्याच्या दारी जाऊन त्याचीच समजूत काढावी लागते. वरच्या साहेबाची सही आणून भागत नाही.

मग पंधराव्या तिथीपासून मांडवाचा सण. त्यात चार वनस्पती एकत्र धरतात: महाळुंग (कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातही तेच), खजुरीचा कोंब, मर्टल नावाच्या सुवासिक झुडपाची डहाळी आणि वाळुंज. चव म्हणजे विद्या, वास म्हणजे सत्कर्म. महाळुंगाला दोन्ही आहेत, खजुरीला नुसती चव, मर्टलला नुसता वास, आणि वाळुंजाला बिचाऱ्याला काहीच नाही. तरी वाळुंजावाचून विधी पुरा होत नाही! आमच्या शाखेतही एक वाळुंज आहेत. नाव सांगत नाही. तिघांना वाटेल आपल्यालाच म्हटलं.

आपल्या आश्विनात हे काम आपटा करतो. गुरूच्या चौदा विद्यांसाठी कौत्साला चौदा कोटी मोहरा हव्या होत्या. रघुराजासाठी कुबेराने त्या आपट्याच्या झाडावर पाडल्या. कौत्स चौदा कोटींवर एक घेईना, आणि रघू उरलेल्या परत घेईना. एवढी बिनमालकीची रक्कम कोणत्या खात्यात टाकावी, हा पेच मला अजून सुटलेला नाही. लोकांनी ती लुटून सोडवला. तेव्हापासून पान हेच सोनं. आता बाजारात आपटा म्हणून कांचनाची मोठाली पानंही खपतात, आणि मोबाइलवर तर नुसता फोटो येतो. फोटोवर सोनारही काही देत नाही अन् रुसलेला भाऊही नाही.

पण कांचनाचं काय? खोट्या पानाने खरा हिशेब मिटतो का?

आमच्या कौंटरवर दोघे भाऊ येतात. धुऱ्यावरून सात वर्षं बोलणं बंद. रांगेतसुद्धा मध्ये तिसरा माणूस घालून उभे राहतात. गेल्या दसऱ्याला मी थोरल्याच्या शेजारी सोनं द्यायला गेलो होतो, तेव्हा धाकटा त्याच्या ओट्यावर चढताना दिसला. वाकून नमस्कार केला, पान पुढे केलं. थोरल्याने ते उलटंपालटं करून पाहिलं.

“हे आपट्याचं नाई. कांचनाचं हाय.”

धाकटा तसाच उभा. थोरल्याने पान टोपीत खोचलं आणि आत तोंड करून ओरडला, “च्या मांड वं, दोन कप!”

धुऱ्याची मोजणी पुढच्या महिन्यात आहे.