खेडवळाचे हसे

हास्य हे सर्वथा निरुपद्रवी आहे, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. रडविणाऱ्या नाटकाची आपण चिकित्सा करितो. हसविणाऱ्यास मात्र सहज सोडून देतो. परंतु आपण कोणास हसतो, आणि हसताना स्वतःस कोठे उभे करितो, हा प्रश्न नीतीचाच आहे. मराठीतील ग्रामीण विनोदी चित्रपट पाहताना तो आम्हांस विशेष तीव्रतेने जाणवतो.

१९७१ साली ‘सोंगाड्या’ पडद्यावर आला. लेखन वसंत सबनीस यांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. निर्माते व नायक दादा कोंडके. भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो, आई त्यास घराबाहेर काढते, आणि अखेर तोच फडावर उभा राहून लोकांस हसवितो, एवढेच कथानक. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात त्यास जागा मिळावी म्हणून शिवसेनेस पुढे यावे लागले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. जागा मिळाल्यावर प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. सुशिक्षितांत पुढे वाद माजला तो कोंडक्यांच्या द्व्यर्थी संवादांवरून. तो वाद अनाठायी होता असे नव्हे. परंतु अश्लीलतेच्या त्या गदारोळात तुच्छतेचा प्रश्न मागे पडला. खेडवळाची लोंबती नाडी, त्याची बोली, त्याचे बावळटपण यांवर टाळ्या पिटणारा प्रेक्षक त्याचा उपहास करीत होता काय?

आमच्या मते नव्हता. कोंडके स्वतः नायगावच्या चाळीत, गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले. मूळ गाव भोरकडचे इंगवली. त्यांचा मुंबईतील प्रेक्षकही पुष्कळसा तसाच होता. एक पाय साच्यापाशी, दुसरा गावच्या बांधावर. नाम्याची फजिती ही त्याची स्वतःचीच जुनी फजिती होती. तमाशातील सोंगाड्याची परंपराही हीच आहे. तो मूर्खाचे सोंग घेतो आणि त्या सोंगाच्या आडून राजास व सावकारास चार शब्द सुनावतो. हसे त्याचे होते, पण अब्रू जाते ती दुसऱ्याची.

ही गोष्ट मराठीपुरतीच नाही. १९८९ चा तमिळ ‘करगाट्टक्कारन’ हाही लोककलावंतांच्या फडाचाच चित्रपट. त्यातील दोन केळ्यांचा विनोद तमिळ प्रेक्षक अजून विसरलेला नाही. दोन केळी आणावयास पाठविलेला गडी एक वाटेत खातो; दुसरे कोठे आहे असे विचारताच, हातातले दाखवून ‘ते दुसरे हेच’ म्हणून सांगतो. शहाणा संतापतो, भाबडा ढळत नाही. आणि हसू येते ते शहाण्याच्या हतबलतेचे.

परंतु काळाबरोबर प्रेक्षक बदलतो. आमच्या उपनगरांचेच पाहावे. अंधेरी व घाटकोपर १९५० साली, बोरिवली व मुलुंड १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. एके काळी ती खेडीच होती, आणि त्यांची गावठाणे अद्याप इमारतींच्या आड तग धरून आहेत. १९७७ साली गोरेगावात चित्रनगरी उभी राहिली; तेथे आता कॅमेऱ्यापुरती खेडी बांधितात आणि काम संपताच मोडितात. येथील सुशिक्षित घरांतील तिसरी पिढी वर्षाकाठी एकदा गावी जाते. ‘गावठी’ हा शब्द तिच्या तोंडी शिवीसारखा बसला आहे. साताऱ्याकडून आलेल्या आजीची बोली मित्रांच्या कानी पडू नये म्हणून मूल तिला हळू बोलावयास सांगते, आणि त्याच संध्याकाळी पडद्यावरील त्याच बोलीस पोट धरून हसते. विनोद तोच, पण हसणारा घराबाहेर पडून खिडकीतून आत पाहू लागला आहे.

याचे भान असलेला चित्रपट म्हणून आम्ही उमेश कुलकर्णी यांच्या ‘वळू’चे (२००८) नाव घेऊ. डुरक्या नावाच्या मोकाट वळूस पकडण्याकरिता शहरातून वनाधिकारी येतो. त्याचा भाऊ सर्व प्रसंगाचे चित्रण करण्यासाठी सोबत असतो. गावचे पुढारी हास्यास्पद आहेत हे खरे, परंतु शहरचा अधिकारी व त्याच्या भावाचा कॅमेराही त्यातून सुटत नाहीत. पाहणारा स्वतःच देखाव्यात सापडतो.

कोणी म्हणेल, इतके तोलूनमापून हसावयाचे तर विनोदच संपेल. तसे नाही. खेडवळास भाबडा देवमाणूस ठरवून त्यास हसणेच वर्ज्य करणे, हाही त्यास परका मानण्याचाच प्रकार होय. हसावे, मनमुराद हसावे. परंतु आपल्या माणसास हसतो तसे, त्याने उलट हसण्याची मुभा ठेवून. तेव्हा मुलांस असा चित्रपट दाखविताना आजीसही शेजारी बसवावे. ती कोठे हसते व कोठे गप्प राहते, याकडे लक्ष दिल्यास नीतीचा हा धडा निराळा शिकविण्याचे कारण पडणार नाही.