देवस्थानाची सीमारेषा
जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बेर्टालान्फी यांच्या प्रणाली सिद्धान्तानुसार संस्था ही खुली प्रणाली, म्हणजे भोवतालाशी सतत देवाणघेवाण करूनच टिकणारी परस्परावलंबी घटकांची रचना असते. परंतु 1801 मध्ये प्रभादेवीत उभारलेल्या आणि 1980 च्या स्वतंत्र कायद्याने विश्वस्त व्यवस्थेखाली आलेल्या सिद्धिविनायक मंदिराची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न मूलतः तात्त्विक ठरतो. दानपेटीतील रक्कम रुग्णांना वैद्यकीय मदत म्हणून बाहेर पडते, हा प्रवाह हिशेबात दिसतो. मंगळवारी दुर्वांची जुडी आणि जास्वंद घेऊन रांगेत ताटकळणाऱ्या भाविकाचा नवस मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्या श्रद्धेवाचून गाभारा, कार्यालय आणि बाहेरची फुलांची दुकाने यांना जोडणारे प्रयोजनच उरत नसल्याने, भाविकाला ग्राहक न मानता प्रणालीचा घटकच मानावे लागते, मग व्यवस्थापनशास्त्राच्या नीटस आकृत्या कितीही विस्कटोत.