चौथे ऋण

उत्सवाच्या रात्री पालखी देवळाबाहेर निघते, तेव्हा हल्ली जोडलेल्या हातांपेक्षा उंचावलेले हातच अधिक दिसतात, आणि त्या प्रत्येक हातात एक मोबाइल असतो. थट्टा करावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही. त्या हातांत आमचाही हात असतो. दूरदेशी गेलेल्या मुलाला कुलदेवतेचे दर्शन घडावे, अंथरुणास खिळलेल्या आईच्या कानी आरती पडावी, यात गैर ते काय? परंतु त्याच देवळात नैवेद्याच्या पानाविषयी आपण किती चौकशी करतो ते आठवावे. स्वयंपाक सोवळ्यात झाला काय, पाणी कोठले, तूप शुद्ध आहे ना, फुले शिळी तर नाहीत? देवापुढे जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचे कूळ आपण शोधतो. देवापुढे उंचावलेल्या या एका वस्तूचे कूळ मात्र कोणी विचारीत नाही. ती कोणाच्या हातांनी घडविली? ते हात रात्री कोठे विसावतात, त्यांच्या ताटात काय पडते?

हे प्रश्न परक्या मुलखातले म्हणून बाजूस सारण्याची सोय आता उरलेली नाही. चेन्नईहून बंगळूरकडे जाताना वाटेत श्रीपेरुंबुदूर लागते. वैष्णव परंपरेत हे श्रीरामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून पूज्य आहे. गुरूने गुप्त राखावयास सांगितलेला मंत्र आचार्यांनी तिरुकोष्टियूरच्या देवळावर चढून सर्वांना ऐकविला. आपण नरकात गेलो तरी चालेल, पण इतक्या जनांचा उद्धार होवो, अशी त्यांची त्यामागील भूमिका सांगतात. ही कथा आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच श्रीपेरुंबुदूरच्या परिसरात आज मोबाइल जुळविण्याचे मोठमोठे कारखाने आहेत. त्यांपैकी फॉक्सकॉन या तैवानी कंपनीच्या कारखान्यात अ‍ॅपलचे आयफोन तयार होतात. २०२१ साली तेथे सुमारे १७,००० माणसे कामावर होती, आणि त्यांत खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुलींचा भरणा मोठा होता.

त्या वर्षीच्या डिसेंबरात या मुलींच्या एका वसतिगृहात अन्नातून विषबाधा झाली. अडीचशेहून अधिक मुली आजारी पडल्या आणि त्यांपैकी १५९ जणींना इस्पितळात न्यावे लागले. आपल्या काही मैत्रिणी दगावल्या अशी वार्ता पसरली. ती खोटी निघाली, पण ती खरी वाटावी इतका विश्वास उडालेला होता, हे मात्र खरे. मुली चेन्नई-बंगळूर महामार्गावर येऊन बसल्या, तेव्हा कोठे जगाला त्यांच्या निवासाची हकीगत कळली. एकेका खोलीत कितीतरी जणी दाटीवाटीने राहत, कित्येक जमिनीवर निजत, आणि काही ठिकाणी शौचालयात वाहते पाणीही नव्हते. कारखाना बंद पडला, तो जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. काही वसतिगृहे आणि भोजनगृहे आपल्या मानदंडास उतरत नाहीत, असे अ‍ॅपलने स्वतःच मान्य केले व त्या कारखान्यास देखरेखीखाली ठेवले. यानंतर दोन महिने होण्याच्या आतच हैदराबादजवळ मुचिंतल येथे रामानुजाचार्यांची २१६ फूट उंचीची समतामूर्ती उभी राहिली. ही जवळीक योगायोगाची आहे. पण योगायोगही कधीकधी माणसास विचार करावयास लावतो.

हा प्रकार अपवादात्मक म्हणावा, तर तसेही नाही. आमच्या बेळगावच्या वाचकांच्याच राज्यात, कोलार जिल्ह्यातील नरसापूर येथे, विस्ट्रॉन कंपनीच्या कारखान्यात १२ डिसेंबर २०२० रोजी थकलेल्या वेतनावरून उद्रेक होऊन मोठी मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु काही कामकऱ्यांना वेळेवर व योग्य वेतन मिळाले नव्हते, ही गोष्ट पुढे कंपनीनेच कबूल केली. त्यापूर्वी चीनमधील सूचौ येथे विनटेकच्या कारखान्यात मोबाइलचे पडदे पुसण्यासाठी मद्यार्काऐवजी हेक्झेन नावाचे द्रव्य वापरण्यात येऊ लागले. कारण एवढेच की ते लवकर उडून जाते आणि काम भराभर उरकते. त्याच्या वाफेने २००९ च्या सुमारास १३७ कामकऱ्यांच्या मज्जातंतूंना इजा झाली. हातापायांना बधिरता आली. पडदा काही क्षण लवकर वाळावा, याची ही किंमत होती. आपल्या हातातील काच इतकी स्वच्छ का असते, याचे हेही एक उत्तर आहे.

आता मुख्य प्रश्न असा, की यात विकत घेणाऱ्याचा दोष कोणता? आपण ना कोणाचे वेतन थकविले, ना कोणाला नासके अन्न वाढले. आपण दुकानात गेलो, पैसे मोजले, वस्तू घेतली. सामान्य व्यवहारबुद्धी सांगते की येथे आपला संबंध संपला. आपल्या परंपरेचे म्हणणे मात्र निराळे आहे. मनुस्मृतीतील अनेक वचने आज विचारी माणसास मान्य होणारी नाहीत, हे उघड आहे. तरीही तिच्या पाचव्या अध्यायात, मांसभक्षणाच्या विवेचनात, घातक कोणाकोणास म्हणावे याची जी गणना केली आहे ती मननीय आहे. जीव घेणारा तेवढाच घातक, असे तेथे म्हटलेले नाही. अनुमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, अशी ती सारी साखळी एका पंक्तीस बसविली आहे. पतंजलींनीही योगसूत्रांत हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद केले, आणि तिच्या मृदू, मध्यम व तीव्र अशा पायऱ्याही सांगितल्या. या पायऱ्या न्यायाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. वसतिगृहाचा ठेकेदार आणि मोबाइल घेणारी शिक्षिका यांचा दोष सारखा नव्हे. तथापि मृदू म्हणजे शून्य नव्हे, एवढे मानल्यावाचून गत्यंतर नाही.

मग मोबाइल घेऊच नये काय? आमच्या मते, येथेच सज्जन माणसाची वाट चुकण्याचा संभव अधिक. दोष आहे म्हटले की आपल्या मनात पहिली कल्पना येते ती विटाळाची, आणि विटाळावर आपला ठरीव उपाय म्हणजे दूर सरणे. परंतु आपण दूर सरलो म्हणून फरशीवर निजणाऱ्या त्या मुलीच्या पाठीखाली अंथरूण येते काय? त्या नोकरीच्या पैशावर घरची चूल पेटत असेल, धाकट्या भावाचे शिक्षण चालत असेल. आपण तोंड फिरविले तर तिची नोकरी तेवढी जाईल आणि आपणास मात्र शुद्ध झाल्याचे समाधान लाभेल. कामकऱ्यांनीच हाक दिली तर बहिष्कार हे शस्त्र होय. एरवी ते नुसते सोवळे. आणि सोवळे हे शेवटी स्वतःपुरतेच असते.

म्हणून या दोषाला विटाळ न मानता ऋण मानावे, असे आम्हांस वाटते. विटाळ टाळावयाचा असतो. ऋण फेडावयाचे असते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांस परिचित आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीस चौथे मनुष्यऋण सांगितले आहे. मनुष्य जन्मतःच इतर मनुष्यांचा ऋणी असतो, आणि ते ऋण फेडावयाचे ते माणसांना आसरा देऊन व जेवू घालून, असा त्याचा आशय आहे. आसरा आणि अन्न! श्रीपेरुंबुदूरच्या त्या मुलींना नेमके याच दोन गोष्टींत उणे पडले. ‘आम्ही किंमत मोजली, ऋण फिटले’ असे यावर कोणी म्हणेल. पण देवळातील आचाऱ्याला ठरलेला पगार देऊन त्यास गळक्या खोपीत निजविले, तर महाजनांना कोणी निर्दोष म्हणेल काय? आपल्या पूर्वजांनी देवळाशेजारी अग्रशाळा बांधल्या, समाराधनेच्या पंगती घातल्या, त्या काही हिशेब चुकता करण्यासाठी नव्हेत. माणूस आपल्या कामासाठी आला की त्याच्या निजण्याजेवण्याची काळजी आपली, हा त्यामागचा भाव होता. आज आपल्या कामासाठी राबणारे माणूस नजरेआड राबते, इतकाच फरक.

हे ऋण फेडावे कसे? मार्ग लहान आहेत, पण आहेत. घेतलेली वस्तू चालेल तोवर चालवावी, बिघडली तर दुरुस्त करून घ्यावी. नवा नमुना बाजारात आला की पहिल्याच आठवड्यात तो हाती हवा, या उतावळेपणाचा भार अखेर रात्रपाळीवरच पडतो. दुसरे, कामकरी संघटित होऊ लागले की ‘हे लोक उद्योग बुडविणार’ असे बोलण्यापूर्वी जीभ आवरावी. अनुमोदन हे तोंडानेच दिले जाते. श्रीपेरुंबुदूरलाच सॅमसंगच्या कारखान्यात २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ३७ दिवस संप चालला. त्यात एक मागणी संघटनेला मान्यता मिळावी ही होती. जानेवारी २०२५ मध्ये त्या संघटनेची नोंदणी झाली. आपल्या निवासाविषयी व अन्नाविषयी बोलण्याचा अधिकार ज्याचा त्याच्या हाती येणे, यापरते ऋण फेडण्याचे दुसरे साधन नाही.

तिसरा मार्ग आपल्या संस्थांचा. एकट्या ग्राहकाचा प्रश्न दुकानाच्या पायरीवरच विरून जातो. संस्थेने लेखी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. युरोपातील अनेक विद्यापीठे व नगरपालिका ‘इलेक्ट्रॉनिक्स वॉच’ नावाच्या संस्थेमार्फत आपण खरेदी करीत असलेल्या संगणकांच्या कारखान्यांतील परिस्थितीवर लक्ष ठेवतात. आपली देवस्थानेही संगणक, कॅमेरे, ध्वनिक्षेपक विकत घेतातच. दरपत्रके मागविताना, ही वस्तू कोठे जुळविली गेली व तेथील कामकऱ्यांच्या वेतनाची आणि निवासाची तपासणी कोण करते, ही एक ओळ समितीने त्यांत घालण्यास खर्च काहीच नाही. पहिली काही वर्षे उत्तर येणार नाही, हे आम्ही जाणतो. तुपाच्या शुद्धतेविषयी ज्याने प्रथम विचारले असेल, त्यालाही पहिल्याच दिवशी उत्तर मिळाले नसेल.

आमच्या देवस्थानाच्या येत्या सभेत ही एक ओळ मांडण्याचा आमचा विचार आहे. वाचकांनीही आपापल्या देवस्थानांत ती मांडून पाहावी, एवढीच विनंती.