तारणासाठी किती शिकवण पुरेशी?



एखादी वृद्ध ख्रिस्ती आजी डोळ्यांसमोर आणा. आयुष्यभर दर रविवारी तिने मंडळीबरोबर उभे राहून विश्वासांगीकार म्हटला. आता स्मृती गेली आहे. नातवंडांची नावेही आठवत नाहीत, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे असून देव एकच कसा, हे तिला विचारण्यात काय अर्थ? येशूचे नाव कानावर पडले की तिचे हात मात्र आपोआप जुळतात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार तिचे तारण आता कशावर उभे आहे? तिला जे सांगता येत होते त्यावर, की जो तिला ओळखतो त्याच्यावर?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ख्रिस्ती मंडळीने तो शतकानुशतके विचारला, त्यापायी माणसांना बहिष्कृत केले, काहींना जाळलेही. म्हणून 'मनात भाव असला की झाले' असे म्हणून तो उडवून लावू नये. ज्यांनी अचूक शिकवणीसाठी जिवाचे रान केले त्यांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे.

इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या बोलावण्यावरून निकिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, धर्माध्यक्षांची परिषद भरली. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस शिकवत होता की पुत्र सर्वश्रेष्ठ खरा, पण शेवटी तोही देवाने निर्माण केलेला. परिषदेने ठरवले की पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे. पुढच्या काही दशकांत तडजोड म्हणून 'पित्यासारख्या तत्त्वाचा' असा शब्द पुढे आला. ग्रीक भाषेत या दोन शब्दांत फरक अवघ्या एका अक्षराचा, आणि तेही सर्वांत बारीक अक्षर. एका अक्षरासाठी एवढे भांडण, म्हणून आजही लोक हसतात.

हसण्याआधी एवढा विचार करा. माणूस नदीत बुडत असताना मालकाने काठावरून नोकराला पाण्यात ढकलले, की तो स्वतः उडी मारून उतरला? दोन्ही वेळा बुडणारा वाचेलही, पण मालकाच्या प्रीतीबद्दल त्याला जे कळेल ते एकसारखे नसेल. येशू निर्माण केलेला जीव असेल, तर वधस्तंभावर देवाने दुसऱ्या कोणाला तरी पाठवले. तो देव असेल, तर देव स्वतः आला. त्या एका अक्षरात हा सगळा फरक होता. अथनेशियस त्यासाठी पाच वेळा हद्दपार झाला, तो हट्टी होता म्हणून नव्हे (हट्टीही असेल थोडा). म्हणून शिकवण महत्त्वाची आहे का, असे विचाराल तर उत्तर 'होय' असेच आहे. आपण ज्याच्या हाती स्वतःला सोपवतो तो कोण, हे ती सांगते.

पण महत्त्वाची असणे वेगळे आणि तारणाची अट असणे वेगळे. बहुतेक गोंधळ या दोहोंच्या मधल्या जागेत होतो.

नव्या करारात चुकीच्या शिकवणीवर सर्वांत कठोर बोलणारा माणूस म्हणजे पौल. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सुरुवातीलाच म्हणतो की वेगळे शुभवर्तमान सांगायला स्वर्गातून देवदूत जरी आला तरी तो शापित असो. हे वाक्य आजवर अनेकांनी अनेकांवर फेकले आहे. परंतु पौल नेमका कशावर चिडला होता, ते पाहा. काही शिक्षक म्हणत होते की ख्रिस्तावर विश्वास ठेवला हे ठीक, पण सुंता करून घेतली नाही तर काम अपुरे. म्हणजे कृपेवर माणसाने पूर्ण करायची आणखी एक अट चढवली जात होती. पौलाला ते सोसले नाही.

आता हेच तर्कशास्त्र पुढे न्या. 'तारण केवळ कृपेने होते' हा सिद्धान्त तुम्ही बिनचूक मांडू शकलात तरच तुमचे तारण, असे कोणी म्हणाले तर? मग बिनचूक मांडणी हीच नवी सुंता झाली. कृपेचा सिद्धान्त राखायला निघालेल्या माणसाने तोच सिद्धान्त मोडला. गंमत म्हणजे ज्यांच्यावर पौल एवढा संतापतो त्या गलतीकरांनाही तो त्याच पत्रात पुन्हा पुन्हा 'बंधूंनो' म्हणतो. करिंथात तर काही जण मेलेल्यांचे पुनरुत्थानच नाकारत होते. पौल त्यांच्याशी अख्खा अध्यायभर वाद घालतो, तेही 'बंधूंनो' म्हणतच.

लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी खिळलेल्या चोराची गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, त्याने कुठल्या वर्गात धडे घेतले नव्हते, आणि शिकायला वेळ तर अजिबात उरला नव्हता. त्याच दिवशी सुखलोकात असशील, असे वचन त्याला मिळाले. ही गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात आणि म्हणतात, पाहा, शिकवणीची गरजच नाही. तसेही नाही. चोराला तीन गोष्टी कळल्या होत्या: आपली शिक्षा योग्य आहे, या माणसाने काही वाईट केलेले नाही, आणि हा राजा आहे. मरणाऱ्या, रक्तबंबाळ माणसात राजा ओळखणे ही काही लहान शिकवण नव्हे. त्या घटकेला ती शिष्यांनाही झेपली नव्हती.

मला त्याहून जवळचा वाटतो तो अपुल्लो. प्रेषितांच्या कृत्यांत, अठराव्या अध्यायात, त्याची हकीकत आहे. अलेक्झांड्रियाचा विद्वान, वक्ता, शास्त्रात निपुण. इफिसच्या सभास्थानात तो आवेशाने येशूविषयी शिकवू लागला, पण त्याला माहीत होता तो फक्त योहानाचा बाप्तिस्मा. त्याची शिकवण अर्धी होती. ऐकणाऱ्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विला हे तंबू शिवणारे जोडपे होते. त्यांनी सभेत उभे राहून त्याला पाखंडी ठरवले नाही. 'अपुरे असले तरी चालेल' म्हणून गप्पही बसले नाहीत. त्याला आपल्याकडे नेऊन त्यांनी देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. मग अपुल्लो अखयात गेला आणि तिथल्या बंधुजनांना त्याचा मोठा उपयोग झाला. आदल्या दिवशी तो तारणाबाहेर होता आणि दुसऱ्या दिवशी आत आला, असे लूक कुठेही सुचवत नाही.

याकोबाच्या पत्रात एक बोचरे वाक्य आहे. देव एकच आहे असे तू मानतोस, चांगले आहे, पण भुतेही ते मानतात आणि थरथर कापतात, अशा अर्थाचे. शिकवणीच्या परीक्षेत भुतांना पैकीच्या पैकी गुण मिळतील. वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर असे समजू नये. एखादा व्यवहार नोंदवायचाच राहिला असला तरी दोन्ही बाजू शेवटच्या पैशापर्यंत जुळतात. विश्वासांगीकारातले एकेक कलम मान्य असलेल्या माणसाबाबतही असे होऊ शकते. सगळे जुळते, आणि ज्याच्याशी व्यवहार व्हायचा होता त्याचे खातेच उघडलेले नसते.

हे विसरले की काय होते, ते जिनिव्हाने पाहिले आहे. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी तिथे मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला त्रैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळले. ज्वाळांतून त्याने 'सनातन देवाच्या पुत्रा येशू' अशी हाक मारली असे सांगतात. 'देवाच्या सनातन पुत्रा' असे तो म्हणाला असता तर त्याची शिकवण अचूक ठरली असती. विशेषण एक शब्द अलीकडे पडले होते. जळता जळता तो हाक मात्र येशूलाच मारत होता. या खटल्यात कॅल्व्हिनचा मोठा वाटा होता. १९०३ मध्ये कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी त्या जागी प्रायश्चित्ताचा दगड उभारला.

आणखी एक तारीख. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघाने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, यावर सोळाव्या शतकात एकमेकांवर ठेवलेले ठपके आजच्या शिकवणीला लागू होत नाहीत, असे त्यांनी मान्य केले. मग मधल्या सुमारे साडेचारशे वर्षांत त्या ठपक्याखाली मेलेल्या लक्षावधी साध्या माणसांचे काय झाले? देव त्या सह्यांची वाट पाहत थांबला होता, असे मला तरी वाटत नाही.

आता मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या पंडिता रमाबाईंकडे येऊ. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्या दृष्टीने आता फक्त चर्चची शिकवण निमूटपणे स्वीकारायची उरली होती. पण पुराणे सांगत वाढलेली ही बाई निमूटपणे काय स्वीकारणार! त्रैक्याविषयी, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी त्या पत्रांतून प्रश्न विचारत राहिल्या. जो ही श्रद्धा जशीच्या तशी धरणार नाही त्याचा निःसंशय नाश होईल असे बजावणारा, अथनेशियसच्या नावाने चालणारा विश्वासांगीकार त्यांना पटला नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्मगुरूच्या हवाली करणार नाही, हे त्यांनी स्पष्ट कळवले. जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी अधिक धीराने उत्तरे दिली. मला त्यांच्यात थोडी प्रिस्किल्ला दिसते.

विशेष भाग पुढेच आहे. इंग्लंड-अमेरिकेत रमाबाईंनी कितीतरी पंथ जवळून पाहिले आणि त्या गोंधळल्या. भारतात परतल्यावर, शारदा सदन चालवत असताना, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. स्वतः व्यासपीठावरून उपदेश करीत असतानाच, जे आपण सांगतो ते आपल्यालाच मिळालेले नाही, हे या गृहस्थाच्या ध्यानात आले होते. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले की त्यांचीही गत तीच होती: ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडायचा होता.

म्हणजे बाप्तिस्म्यापासून कित्येक वर्षे त्यांची शिकवण अपुरी, आणि अनुभवही अपुरा. या काळात कोणी पारडे घेऊन बसले असते तर त्यांना तारणाच्या आत मोजले असते की बाहेर? ज्या चर्चच्या कलमांवर त्यांनी सही केली नाही, त्या चर्चमधल्या किती जणांनी दुष्काळातल्या मुलींना गाडीत घालून घरी आणले? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला राजा भुकेल्याला काय दिलेस, परक्याला घरात घेतलेस का, असे विचारतो. ज्यांना तो धन्य म्हणतो त्यांना, आपण हे कोणासाठी केले, एवढेही माहीत नसते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या.

मात्र यावरून रमाबाईंना शिकवणीचे वावडे होते असे समजू नका. पुढे ख्रिस्ताचे देवत्व त्यांनी मनापासून मानले, कोणी नाक दाबले म्हणून नव्हे. आयुष्याची शेवटची पंधरा-वीस वर्षे त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. आधीच्या भाषांतरांतले संस्कृत शब्द शास्त्र्यांच्या तत्त्वज्ञानाचे अर्थ बरोबर घेऊन येतात, आणि खेड्यातल्या बाईला मूळ गोष्ट कळतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. जिने कधी शाळा पाहिली नाही तिलाही कळेल असा शब्द मिळेपर्यंत त्या थांबत. केडगावच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया खिळे जुळवत, छपाई करत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा शेवटची प्रुफे नुकतीच तपासून झाली होती.