सल्ला देणाऱ्याचा दोष किती?

इंग्रज नाटककार शेक्सपिअर ह्याचें ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ हें नाटक प्रथम १५९७ सालीं छापलें गेलें. त्यांतील लॉरेन्स नामक मठवासी संन्याशाविषयीं आम्हीं येथें थोडा विचार करूं इच्छितों.

इटलींतील वेरोना नगरांत दोन थोर घराण्यांचें हाडवैर होतें. एका घरचा रोमिओ व दुसऱ्या घरची ज्युलिएट ह्यांची एकमेकांवर प्रीति जडली. लॉरेन्स सज्जन होता. ह्या विवाहानें वैर मिटेल, अशा आशेनें त्यानें त्यांचें लग्न गुप्तपणें लाविलें. परंतु त्याच दिवशीं रोमिओच्या हातून ज्युलिएटचा मामेभाऊ ठार झाला व रोमिओ हद्दपार झाला. इकडे ज्युलिएटच्या बापानें तिचें लग्न दुसऱ्याशीं ठरविलें. तेव्हां लॉरेन्सनें तिला बेचाळीस तास मृतवत् निद्रा आणणारें औषध दिलें, व रोमिओस पत्र धाडिलें. पत्र नेणारा संन्यासी महामारीच्या संशयावरून एका घरांत कोंडला गेला. पत्र पोंचलें नाहीं. ती खरोखरच मेली असें समजून रोमिओनें तिच्या थडग्यापाशीं विष घेतलें.

मग दोष महामारीचा, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. बापानें दुसरें लग्न ठरविलें तेव्हां, “ही विवाहित आहे,” एवढें एकच सत्य वाक्य पुरें होतें. तें बोलल्यानें बापाचा क्रोध व लोकनिंदा लॉरेन्सच्या माथीं आली असती. तो बोलला नाहीं. आणि जो धोका त्यानें सोसावयाचा, तो चौदा वर्षेंही पुरीं न झालेल्या मुलीवर पडला. पहिलें लग्न झांकण्यासाठीं ह्यानें मला विष तर दिलें नसेल ना, अशी शंका औषध पितांना तिच्याही मनांत येऊन गेली.

पुढें थडग्यांत ती जागी झाली, तेव्हां लॉरेन्स जवळ होता. तिला बायकांच्या मठांत ठेवूं असें तो म्हणाला. परंतु पहारेकऱ्यांची चाहूल लागली, ती निघेना, आणि तो भिऊन एकटाच निघून गेला. मग तिनें खंजीर खुपसून घेतला. ज्याच्या सल्ल्यानें ती तेथवर आली, तोच त्या घटकेस तिच्यापाशीं नव्हता.

तथापि त्याच्याविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. राजापुढें त्यानें कांहीं न लपवितां सर्व सांगितलें, व दोष ठरल्यास आपला प्राण घ्यावा असेंही म्हटलें. राजानें त्यास सत्पुरुषच मानिलें. दोन्ही घराण्यांचें वैरही मिटलें. म्हणजे लॉरेन्सची आशा सफळ झाली, पण प्रेतांच्या साक्षीनें. तेंच सत्य दोन-तीन दिवस आधीं सांगितलें असतें, तर त्याची अप्रतिष्ठा झाली असती. पण तीं दोघें बहुधा वांचलीं असतीं.

वाचकहो, सोयरीक, भांडण, कर्ज अशा कामीं गांवचे लोक तुमच्याकडे येतात. सल्ला देण्यापूर्वीं मनास विचारावें: हा सल्ला मी घरच्या वडील माणसांदेखत देऊं शकेन काय? तो फसला तर भार कोणावर पडेल? आणि त्या वेळीं मी तेथें उभा राहीन काय? हेतु शुद्ध आहे एवढ्यानें ह्या प्रश्नांची उत्तरें मिळत नाहींत.