महत्त्वाकांक्षा आणि निवृत्तिधर्म

निवृत्तिमार्गाचे अनुसरण केलेल्या साधकास महत्त्वाकांक्षा असावी काय, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. सर्वस्वाचा त्याग केल्यावर आकांक्षा उरावीच कोठून? परंतु घर सुटले म्हणून मोठेपणाची ओढ सुटतेच असे नाही; पुष्कळदा ती केवळ वेष पालटते. धनाची जागा पांडित्य घेते, पुत्रपरिवाराची जागा शिष्यपरिवार घेतो.

या बाबतीत कवीश्वर भास्करभट बोरीकर यांचे चरित्र मननीय आहे. त्यांनी शिशुपाळवध रचून गुरुबंधू भानुभट यांस दाखविला. भानुभटांनी ग्रंथाची वाखाणणी केली. मात्र तो शृंगारप्रधान असल्याने प्रवृत्तांस रुचेल, निवृत्तांच्या उपयोगाचा नव्हे, असा स्पष्ट अभिप्राय दिला. १०८७ ओव्यांच्या परिश्रमानंतर असे शब्द ऐकणे कोणत्या कवीस सोपे जाईल? खंत करीत लेखणी खाली ठेवणे, किंवा ईर्ष्येने त्याच धर्तीचा आणखी मोठा ग्रंथ रचून दाखविणे, अशा दोन वाटा तेथे संभवत होत्या. दोहोंच्या मुळाशी एकच अहंता आहे. खचणारा आणि ईर्ष्येला पेटणारा, दोघेही लोकांच्या तोंडाकडेच पाहत असतात. भास्करभट भागवताच्या एकादश स्कंधाकडे वळले आणि त्यांनी ८२७ ओव्यांची उद्धवगीता सिद्ध केली. प्रतिभा तीच, विषय पालटला. पंथानेही शिशुपाळवध टाकून दिला नाही. साती ग्रंथांत त्याचे स्थान उद्धवगीतेच्या जोडीने कायम आहे. आकांक्षेचा उच्छेद झाला नाही, तिची दिशा तेवढी तपासली गेली.

दिशा शुद्ध असूनही शक्ती क्षीण होते, हा प्रश्नाचा दुसरा भाग होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात कामाच्या अतिताणाने येणाऱ्या अवस्थेची नोंद आहे. रोग म्हणून नव्हे, तर कामकाजाशी निगडित स्थिती म्हणून. शक्तिक्षय, कामाविषयी दुरावा आणि कार्यक्षमतेचा ऱ्हास ही तिची लक्षणे. मठातही ती अपरिचित नाहीत. सूत्रे मुखोद्गत असतात, पण स्मरणात रस नसतो. निरूपण चालू असते, पण श्रोत्यांचा मनातून वीट आलेला असतो. अशा साधकास अधिक वैराग्याचा उपदेश करणे म्हणजे दमलेल्या बैलास पराणी टोचणे होय. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजनाप्रमाणेच उपवासाचा अतिरेक, आणि अतिनिद्रेप्रमाणेच अतिजागरणही योगास बाधक सांगितले आहे. आपल्या आचारातही अटन, विजन, भिक्षा यांच्या पंक्तीस भोजन आणि निद्रा आहेत. निद्रेस आचारात स्थान आहे, ही गोष्ट उत्साही साधक सहसा विसरतो.

त्यातही विजनाचे महत्त्व विशेष. वस्तीबाहेर एकान्तात नामस्मरण करीत बसलेल्या साधकापुढे श्रोता नसतो, प्रशंसक नसतो, प्रतिस्पर्धीही नसतो. तेवढा काळ मोठेपणाच्या ओढीस चारा मिळत नाही. विजनात बसवत नाही, मन पुढच्या सभेची गणती करू लागते, तेव्हा आकांक्षा विकारात शिरली असे ओळखावे. वासनिकाने प्रपंचातून काढलेली स्मरणाची अर्धी घटकाही हेच कार्य करते.

अर्थात सगळा भार साधकावरच टाकणे न्याय्य नव्हे. भास्करभटांस भानुभट लाभले. पण तरुण साधकाचे पहिले निरूपण रंगले की पुढच्याच महिन्यात त्याच्यासाठी दहा गावांचे कार्यक्रम ठरविणारे महंतही आढळतात. त्याचे विजन प्रथम तेच काढून घेतात, आणि पुढे तो खचला म्हणजे त्याच्या वैराग्यास दोष देतात.