इनेस म्हणावे की ॲग्नेस?



21 जानेवारी हा संत आग्नेसचा सण. हे नाव आपल्या आजी-पणजींच्या पिढीतले. मधल्या काळात ते मागे पडले होते. आता एखादी तरुण आई आपल्या लेकीसाठी ते पुन्हा निवडते आणि घरात वाद सुरू होतो.

अशाच एका घरची मंडळी स्नानसंस्काराच्या तयारीसाठी आमच्याकडे आली होती. बाळाला पणजीचे नाव द्यायचे, यावर सर्वांचे एकमत होते. पण ते नाव म्हणायचे कसे? आजी म्हणाली, "आमच्या आईला सगळे इनेस म्हणायचे." बाळाची आई म्हणाली, "पण दाखल्यावर ॲग्नेस आहे, शाळेतही तेच चालेल." काका म्हणाले, "ॲग्नेस हा इंग्रजांचा उच्चार. खरे नाव आग्नेस." बोलता बोलता आवाज चढले. शेवटी सर्वांनी आमच्याकडे पाहिले, "फादर, बरोबर कोणते ते तुम्हीच सांगा."

खरे सांगायचे तर तिघेही बरोबर होते. हे नाव मूळ ग्रीक भाषेतले. त्याचा अर्थ शुद्ध, निर्मळ. लॅटिनमध्ये ते आग्नेस झाले आणि त्या भाषेत कोकराला 'आग्नुस' म्हणतात, म्हणून चित्रांतून संत आग्नेसच्या जवळ कोकरू दिसते. इटलीत तिला आन्येझे म्हणतात, फ्रान्समध्ये आन्येस, स्पेनमध्ये इनेस, पोर्तुगालमध्ये इनेश. वसईवर 1534 ते 1739 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, तेव्हा इनेस आपल्याकडे कोणत्या वाटेने आली ते वेगळे सांगायला नको. ॲग्नेस मागाहून इंग्रजीबरोबर आली. आपल्या लाडक्या मदर तेरेसांचे स्नानसंस्काराचे नावही हेच, अल्बानियन उच्चाराप्रमाणे आन्येझ.

आणि ही आग्नेस होती तरी कोण? रोममधली एक लहान मुलगी. संत अम्ब्रोजने चौथ्या शतकात तिच्याविषयी लिहिले, तेव्हा तिचे वय 12 वर्षे सांगितले आहे. तिच्या मनगटांना बसतील एवढ्या लहान बेड्याच नव्हत्या, असे ते लिहितात. ख्रिस्तावरील श्रद्धा तिने सोडली नाही आणि तिने प्राण दिला. मिस्साच्या ज्या जुन्या प्रार्थनेला आपण रोमन कॅनन म्हणतो, तिच्यात आजही तिचे नाव घेतले जाते. रोममध्ये तिच्या सणाला कोकरांना आशीर्वाद देण्याची प्रथा आहे. त्यांच्या लोकरीपासून पॅलियम विणतात. मुंबईच्या आर्चबिशपांसारखे महाधर्माध्यक्ष खांद्यावर जो पांढरा पट्टा धारण करतात, तोच हा पॅलियम. हरवलेले मेंढरू मेंढपाळ खांद्यावर घेतो, त्याची ती खूण.

बंधू-भगिनींनो, उच्चाराचा वाद हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. पण शास्ते या पुस्तकाचा 12 वा अध्याय उघडून पाहा. यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोक पहारा देत होते. जो येईल त्याला ते एकच शब्द म्हणायला लावीत, 'शिब्बोलेथ'. एफ्राइमी माणसाच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघाले की त्याला तेथेच ठार करीत. त्या लढाईत 42,000 एफ्राइमी पडले, असे पवित्र शास्त्र सांगते. दोघेही इस्राएलचेच, भाऊ-भाऊ! प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्र ओळखला गेला तोही त्याच्या गालीली बोलीवरूनच.

आपल्या हातात तलवार नाही, पण हसू आहे. आजी मोडक्या इंग्रजीत नातीचे नाव घेते आणि नात मैत्रिणींसमोर लाजते. वाचनाला उभा राहिलेला एखादा साधा माणूस एका नावावर अडखळतो आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. तो पुन्हा वाचनाला उभा राहत नाही. हीदेखील यार्देनच्या उतारावरची चौकीच नव्हे काय?

दुसऱ्यांना कशाला बोल लावावा? आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट येथे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्साला आम्ही मृतांची नावे वाचली. त्यांत एका बाईंचे नाव होते. ते नोंदवहीप्रमाणे आम्ही ॲग्नेस असे स्पष्ट वाचले. मिस्सा संपल्यावर त्यांचे वयोवृद्ध पती काठी टेकीत आमच्याकडे आले. म्हणाले, "फादर, आज माझ्या बाईचं नाव राहिलं का?" त्या माउलीला आयुष्यभर घरीदारी सगळे इनेस म्हणत. ॲग्नेस म्हणजे आपलीच बायको, हे त्यांच्या ध्यानीही आले नव्हते. देवाने प्रार्थना ऐकली याविषयी आम्हांला शंका नाही. पण तो म्हातारा माणूस ते एक नाव ऐकण्यासाठी तासभर बसून होता आणि आम्ही त्याला ते ऐकवले नाही. नोंदवही पाहिली, घरी कसे म्हणतात हे विचारले नाही. उच्चार शुद्ध होता, हाक मात्र चुकली.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो आणि ती त्याचा आवाज ओळखतात, असे योहानच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात आपण वाचतो. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालिया मरियेने येशूला पाहिले, तरी तिला तो माळीच वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा तिने ओळखले. आपल्या प्रभूचे स्वतःचे नाव तरी कुठे एका रीतीने घेतले जाते? आपण येशू म्हणतो, कोकणी बांधव जेजू म्हणतात, इंग्रजीत जीझस, स्पॅनिशमध्ये हेसूस. तो सर्वांनाच ओ देतो.

म्हणून त्या कुटुंबाला आम्ही एवढेच सांगितले, "स्नानसंस्काराच्या आरंभी ख्रिस्तसभा नाव सांगत नाही, ती विचारते. बाळाचे नाव काय ठेवले आहे, हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर तुम्ही द्यायचे." त्या रविवारी आम्ही तो प्रश्न विचारला. बाळाच्या आईने क्षणभर सासूबाईंकडे पाहिले आणि म्हणाली, "इनेस." नोंदवहीत आम्ही तेच लिहिले.

या आठवड्यात आपण एक गोष्ट करू या. शेजारची सून असो, परप्रांतातून आलेली परिचारिका असो वा घरात काम करणारी मावशी असो, जिचे नाव आपण आजवर आपल्या सोयीने म्हणत आलो, तिला एकदा विचारू या, "बाई, तुझे नाव तुझी आई कसे म्हणते?" मग तसेच म्हणण्याचा प्रयत्न करू. जीभ अडखळली तरी चालेल. तिला ओळख पटेल.

संत आग्नेस, आमच्यासाठी विनंती कर. ज्या प्रभूने आपणा प्रत्येकाला नावाने बोलावले आहे, तो आपल्या ओठांना आदर आणि कानांना प्रेम देवो. आमेन.